गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा... पण मोजलं काय?

नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा व्यवसाय-आरोग्य यांपैकी कशातही संशोधन करायचा विचार असेल, तर कॉलेजच्या ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांच्या कपाटासमोर एकदा अर्धा तास घालवा. एक विषय तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. शीर्षक बहुतेक वेळा इंग्रजीत असतं, मराठीत सांगायचं तर असं: 'रुग्णाला उचलण्याच्या व हलवण्याच्या योग्य पद्धतीविषयी परिचारिकांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम'. गाव बदलतं, हॉस्पिटल बदलतं, नमुन्याचा आकडा बदलतो. निष्कर्ष मात्र ठरलेला. ज्ञान वाढलं, फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आहे, सबब परिचारिकांना प्रशिक्षण द्यावं.

आज या साच्याची चिकित्सा करायची आहे. कुणा एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाबद्दल मी बोलत नाही. तक्रार साच्याबद्दल आहे, कारण तुमच्यापैकी अनेकांना पहिल्या वर्षी हाच विषय सुचवला जाईल. सोपा आहे, परवानगी लवकर मिळते, आणि निकाल 'येतोच'. तो येतोच, हीच खरी अडचण आहे.

साचा आतून कसा असतो

एकच गट घ्यायचा. तीसेक प्रश्नांची प्रश्नावली द्यायची: वजन उचलताना पाय किती अंतरावर ठेवावेत, पाठ वाकवावी की गुडघे, रुग्ण शरीराच्या जवळ धरावा की लांब. मग तासाभराचं व्याख्यान, तक्ते, एखादं प्रात्यक्षिक. आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा. दोन्ही वेळच्या गुणांवर पेअर्ड टी-टेस्ट लावायची. पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी.

आता विचार करा. आठवड्यापूर्वी शिकवलेल्या गोष्टीवर आठवड्याने तेच प्रश्न विचारले, तर गुण वाढणार नाहीत तर काय होईल? ती प्रश्नावली एकदा सोडवली, यामुळेही दुसऱ्यांदा थोडे गुण वाढतात. तुलनेसाठी दुसरा गट नसल्यामुळे यातलं किती शिकवण्यामुळे आणि किती सरावामुळे, हे वेगळं काढता येत नाही. पण हा दोष तरी दुरुस्त करता येण्यासारखा आहे. कंट्रोल ग्रुप घेतला की संपला. खरा दोष पुढे आहे: मोजलं ज्ञान आणि बोललं जातं कंबरदुखीबद्दल. प्रस्तावनेत कंबरदुखी, शिफारशींत कंबरदुखी, आणि मधल्या निकालाच्या प्रकरणात एकाही कंबरेचा पत्ता नाही.

ज्ञान वाढलं की वागणूक बदलेल, वागणूक बदलली की पाठीवरचा भार कमी होईल, भार कमी झाला की दुखापत कमी होईल, अशी ही साखळी गृहीत धरलेली असते. चार कड्यांपैकी फक्त पहिली मोजली जाते. उरलेल्या तीन 'साहजिक' म्हणून सोडून दिल्या जातात. त्या साहजिक आहेत का, हे मात्र तपासून झालेलं आहे.

टपाल कर्मचाऱ्यांचा धडा

१९९७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये डॅल्ट्रॉय आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. विषय रुग्णांचा नव्हता, अमेरिकेतल्या टपाल कर्मचाऱ्यांचा होता. सुमारे ४,००० कर्मचारी, कामाच्या तुकड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने वाटलेल्या, आणि साडेपाच वर्षांचा पाठपुरावा. प्रशिक्षण फिजिओथेरपिस्टनी दिलं होतं, म्हणजे तेही वरवरचं नव्हतं. निकाल काय आला? कंबरेच्या दुखापतींचं प्रमाण कमी झालं नाही. दुखापतीमागचा खर्च कमी झाला नाही. रजेचे दिवस कमी झाले नाहीत. पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाणही कमी झालं नाही. वाढली एकच गोष्ट: सुरक्षित पद्धतीबद्दलचं ज्ञान.

आपल्या साच्यात जी एकमेव गोष्ट मोजली जाते, तीच इथे वाढली. बाकी सगळं जिथल्या तिथे राहिलं. या अभ्यासात फक्त ज्ञान मोजून थांबले असते, तर निष्कर्ष 'कार्यक्रम परिणामकारक ठरला' असाच लिहिला गेला असता.

'पण टपाल आणि पेशंट यांत फरक आहे' असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. म्हणून पुढचा पुरावा बघा. २००८ मध्ये 'बीएमजे'मध्ये मार्टिमो आणि सहकाऱ्यांनी या विषयावरच्या ११ अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यातले ८ अभ्यास रुग्णांना उचलण्या-हलवण्याबद्दलच होते. उचलण्याच्या पद्धतीचा सल्ला किंवा प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते, याला आधार सापडला नाही, मग सोबत उपकरणं दिलेली असोत वा नसोत. २०११ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. म्हणजे हा प्रश्न अजून कुणी विचारलाच नव्हता, असं नाही. विचारला गेला, उत्तरही मिळालं. आपल्या प्रबंधांच्या 'पूर्वसाहित्याचा आढावा' या प्रकरणात ते उत्तर दिसत नाही, कारण तिथे बहुधा याच साच्यातले आधीचे प्रबंध एकमेकांना दुजोरा देत बसलेले असतात.

पाठ सरळ ठेवून का भागत नाही

यामागचं गणित अवघड नाही. एक वही घ्या.

अमेरिकेतल्या नायॉश या व्यवसाय-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. ते २३ किलोपासून सुरू होतं: परिस्थिती अगदी आदर्श असेल, तर एका माणसासाठी शिफारस केलेली वरची मर्यादा. मग प्रत्येक अडचणीसाठी हा आकडा कमी होत जातो. सर्वांत मोठी कपात अंतराची. दोन घोट्यांच्या मध्यापासून हातापर्यंतचं आडवं अंतर २५ सेंटीमीटर असेल तर कपात शून्य. अंतर वाढलं की २५ ला त्या अंतराने भागायचं आणि आलेल्या अपूर्णांकाने २३ ला गुणायचं.

अंतर ३६ सेंटीमीटर धरलं तर उत्तर जवळपास १६ किलो येतं. हा आकडा लक्षात ठेवा. थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग'मध्ये रुग्ण हाताने उचलण्यासाठी जी मर्यादा सुचवली ती ३५ पाउंड, म्हणजे साधारण १६ किलोच आहे.

आता रुग्णाला खाटेच्या मधोमध झोपवा. खाटेच्या कडेला उभं राहून हात पुढे केले की अंतर सहज ६० सेंटीमीटरवर जातं. मर्यादा उतरते साडेनऊ किलोंवर. माणसाच्या एका संपूर्ण पायाचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण १६ टक्के असतं. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाचा एक पाय भरतो साडेनऊ किलोंच्या आसपास. एक पाय उचलला आणि मर्यादा संपली. त्यात कंबर ४५ अंशांत वळवली, तर मर्यादा आणखी घसरून आठ किलोंच्या जवळ येते.

आणि हे सगळं आदर्श हिशेबात. नायॉशचं मूळ सूत्र रुग्णांसाठी बनवलेलंच नव्हतं. ते खोक्यांसाठी आहे. खोकं ओरडत नाही, घाबरून तुमच्या गळ्यात हात टाकत नाही, अर्ध्यावर पाय ढिले सोडत नाही. वॉटर्स यांचा आकडाही सहकार्य करणाऱ्या आणि अचानक न हलणाऱ्या रुग्णापुरताच आहे. रुग्ण तसा नसेल, तर मर्यादा त्याहूनही खाली धरायला हवी.

'गुडघे वाकवा' हा सल्ला या हिशेबात कुठे बसतो बघा. जमिनीवरचं खोकं उचलताना गुडघे वाकवले, तर खोकं दोन पायांच्या मध्ये येतं आणि अंतर कमी होतं. खाटेवरच्या रुग्णाबाबत गुडघे खाटेच्या चौकटीवर आपटतात, अंतर होतं तेवढंच राहतं. सल्ला चुकीचा नाही. ज्या ठिकाणी तो द्यायचा आहे, तिथे तो अमलात आणायला जागाच नाही.

मॅरास आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये हे प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. त्यांच्या प्रयोगातला 'रुग्ण' ५० किलोंचा आणि सहकार्य करणारा होता, म्हणजे आपल्या कुठल्याही वॉर्डातला सर्वांत सोपा. एकट्याने उचलण्यापेक्षा दोघांनी उचलणं बरं, हे दिसलं. पण तपासलेल्या पद्धतींपैकी सर्वांत सुरक्षित पद्धतीतही कंबरेला लक्षणीय धोका शिल्लक होता.

इथे एक गैरवापर सांगून ठेवतो, कारण तो चर्चेच्या प्रकरणात हमखास होतो: 'माणशी १६ किलो, म्हणून ६४ किलोच्या रुग्णाला चार जण पुरेत.' भार असा समान वाटला जात नाही. धडाचंच वजन शरीराच्या जवळपास निम्मं असतं. खांद्या-कमरेपाशी उभ्या असलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं, पायांशी उभ्या असलेल्याच्या वाट्याला कमी. आकडा उचलताना त्याच्या अटीही उचलाव्या लागतात.

मग यंत्र आणलं की झालं?

इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. होइस्ट, म्हणजे रुग्णाला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र, आणि स्लाइड शीट, म्हणजे रुग्णाखाली सरकवायची घसरती चादर, यांच्या बाजूनेही पुरावा सरळसोट नाही.

कॉलिन्स आणि सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास अमेरिकेतल्या सहा नर्सिंग होममधला. उचलण्याची यंत्रं, त्यांच्या वापराचं प्रशिक्षण आणि 'हाताने उचलायचं नाही' असं धोरण एकत्र आणलं. आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं यांची तुलना केली. रुग्ण हलवताना झालेल्या दुखापतींच्या भरपाईच्या दाव्यांचं प्रमाण ६१ टक्क्यांनी घटलं, आणि सुरुवातीचा सुमारे १,५८,५०० डॉलरचा खर्च तीन वर्षांच्या आत वसूल झाला.

दुसरीकडे, यासी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या हॉस्पिटलात केलेली यादृच्छिक चाचणी. ३४६ परिचारिका व वॉर्ड सहायक, तीन गट: नेहमीची पद्धत, सुरक्षित उचलणं, आणि यंत्र वापरून जड उचलणं टाळणं. यंत्राच्या गटात हाताने उचलण्याची कामं कमी झाली, थकवा आणि अस्वस्थता कमी झाली. पण दुखापतींचं नोंदवलेलं प्रमाण लक्षणीय बदललं नाही.

कुणाचं खरं? संशोधनाची तयारी म्हणजे अशा ठिकाणी थांबून विचार करणं. कॉलिन्स यांच्या अभ्यासात वेगळा तुलनागट नव्हता. तीन गोष्टी एकत्र आणल्या, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते सांगता येत नाही. शिवाय भरपाईचा दावा म्हणजे दुखापत नव्हे. दावे व्यवस्थापनाच्या धोरणानेही कमी-जास्त होतात. यासी यांची रचना जास्त भक्कम आहे, पण नोंदवलेली दुखापत ही तुलनेने क्वचित घडणारी घटना असते. साडेतीनशे माणसं तीन गटांत वाटली, की फरक असला तरी तो दिसायला आकडा पुरत नाही. 'फरक दिसला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझं वाचन असं: हाताने उचलण्याची वेळच कमी आणणं ही दिशा बरोबर वाटते, भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे, मात्र दुखापती किती घटतात याचा भक्कम आकडा या दोन अभ्यासांतून मिळत नाही. नुसत्या सल्ल्याबाबत मात्र पुरावा बराच स्पष्ट आहे.

प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असाही याचा अर्थ घेऊ नका. यंत्र आणि स्लाइड शीट वापरायला शिकावंच लागतं. न शिकवता आणलेलं यंत्र स्टोअररूममध्ये धूळ खातं. प्रश्न आहे तो प्रशिक्षण एकटंच पुढे करण्याचा.

आपल्याकडे उचलतं कोण?

आता आपल्याकडच्या वॉर्डात या. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास पगारी कर्मचाऱ्यांवर झालेले आहेत. जिथे दुखापत झाली तर फॉर्म भरला जातो, अशा ठिकाणचे. आपल्या साच्यात नमुना असतो 'स्टाफ नर्स'चा. पण ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवरून खाटेवर पेशंट येतो तेव्हा चादरीची चार टोकं कुणाच्या हातात असतात? एक मामा, एक मावशी, कधी सिस्टर, आणि उरलेल्या टोकांना पेशंटचा मुलगा किंवा जावई. 'एक, दोन, तीन' झालं की पेशंट खाटेवर. एक्स-रेला नेताना ट्रॉली ढकलतात नातेवाईक. रात्री कूस बदलतं ते खाटेखाली चटई टाकून झोपलेलं घरचं माणूस.

म्हणजे ज्यांच्या ज्ञानाची परीक्षा घेतली, त्यांच्याच हातून सगळं उचललं जातं असं नाही. आणि जे उचलतात, त्यांच्यातले अनेक जण कंत्राटी असतात. मावशीची कंबर धरली तर ती चार दिवस येत नाही, त्या चार दिवसांचा पगार जातो, फार दिवस झाले तर तिच्या जागी दुसरी येते. तुम्ही प्रश्नावली घेऊन वॉर्डात पोहोचता तेव्हा ती तिथे नसते. जे कामावर टिकलेत तेच तुम्हाला भेटतात, म्हणून त्रास आहे त्यापेक्षा कमी दिसतो. याला 'हेल्दी वर्कर इफेक्ट' म्हणतात. पुस्तकात ही दोन ओळींची व्याख्या असते. वॉर्डात त्या दोन ओळींत एका बाईची नोकरी गेलेली असते.

इथे साच्याचा निष्कर्ष निरुपद्रवी राहत नाही. 'प्रशिक्षणाने ज्ञान लक्षणीय वाढते' असं तुम्ही लिहिलंत, की व्यवस्थापनाला एक स्वस्त उत्तर मिळतं. वर्षातून एक व्याख्यान ठेवलं, हजेरीपटावर सह्या घेतल्या. त्यानंतर कुणाची कंबर गेली तर म्हणायला मोकळे: शिकवलं होतं, तिनेच चुकीचं उचललं. उंची न बदलणारी खाट, रात्रपाळीला कमी माणसं, न घेतलेली स्लाइड शीट, यांच्यावरचं बोट मावशीच्या वाकलेल्या पाठीकडे वळतं. ब्रिटनमध्ये १९९२ च्या हाताने भार हाताळण्याविषयीच्या नियमांत क्रम स्पष्ट आहे: धोक्याचं उचलणं शक्य तिथे टाळा, टाळता येत नसेल तर जोखीम तपासा, मग ती कमी करा. पहिली जबाबदारी नोकरी देणाऱ्याची. आपला साचा नकळत हा क्रम उलटा करतो.

तुम्ही काय करू शकता

दीड-दोन वर्षांत, फारसा निधी नसताना, एकट्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगलं काय करता येईल? बरंच काही.

पहिलं म्हणजे मोजा. एक वॉर्ड घ्या, वेगवेगळ्या पाळ्यांत बसा, आणि प्रत्येक वेळी रुग्ण हलवला गेला की एक ओळ लिहा: कुठून कुठे, किती जणांनी, त्यांत कोण कोण, खाटेची उंची किती, काही साधन होतं का, रुग्ण स्वतः किती मदत करू शकत होता. ज्ञानाच्या तीस प्रश्नांपेक्षा अशा तीनशे ओळी जास्त बोलतील. एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि नातेवाईक तुमच्या निरीक्षणात येणार असतील तर त्यांच्या संमतीचा विचार प्रस्तावातच मांडा.

दुसरं, नमुना 'पदनामा'वरून ठरवू नका, कामावरून ठरवा. जो उचलतो तो नमुन्यात. आणि गेल्या वर्षभरात काम सोडून गेलेल्यांपैकी जितक्यांपर्यंत पोहोचता येईल तितक्यांना विचारा.

तिसरं, हस्तक्षेप करायचाच असेल तर तुलनागट ठेवा आणि ज्ञानाऐवजी वागणूक मोजा: हाताने उचलण्याच्या वेळा कमी झाल्या का, स्लाइड शीट तीन महिन्यांनंतरही वापरात आहे का. दुखापतीचा दर मोजायला तुमचा नमुना पुरणार नाही, हे आधीच मान्य करा आणि प्रबंधात तसं लिहा. त्यात कमीपणा नाही.

चौथं, रुग्णाला विसरू नका. ओढत सरकवलेल्या रुग्णाची कातडी घासली जाते. निसटला तर पडतो. सुरक्षित हलवणं दोन्ही बाजूंचं असतं, आणि रुग्णाच्या बाजूच्या नोंदी वॉर्डात बऱ्याचदा आधीपासून असतात.

गाइडने हाच जुना विषय सुचवला तर भांडू नका. टपाल कर्मचाऱ्यांचा तो १९९७ चा अभ्यास छापून घेऊन जा आणि शांतपणे विचारा, 'सर, यात ज्ञान वाढलं पण दुखापती कमी झाल्या नाहीत. मग आपण ज्ञानासोबत आणखी काय मोजूया?' बरेच गाइड हा प्रश्न ऐकून घेतात. आणि समजा विषय बदलला नाही, तरी निदान शेवटच्या प्रकरणात 'परिचारिकांना प्रशिक्षण द्यावे' या ओळीच्या आधी आणखी दोन ओळी लिहा: वॉर्डात प्रत्यक्ष कोण उचलतं, आणि खाट किती उंचीची आहे.